बंगला विकणें आहे

वर्तमानपत्रांत बारीक टायपांत छापलेल्या जाहिरातींकडे इतिहासाचा अभ्यासक सहसा वळत नाहीं. ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि दफ्तरें हीं त्याचीं नेहमींचीं साधनें. परंतु पुण्याच्या पश्चिम भागांतील एखाद्या बंगल्याच्या विक्रीची चार ओळींची जाहिरात नीट लक्ष देऊन वाचली, तर तींत गेल्या सव्वाशें वर्षांचा सामाजिक इतिहास सांठलेला आढळतो. अशा जाहिरातीचा नमुना ठराविक असतो. डेक्कन जिमखान्याचा परिसर, शांत वस्ती, जुनीं झाडें, स्वतंत्र बंगला, अमुक क्रमांकाचा फायनल प्लॉट, निर्वेध मालकी आणि सर्व वारसांची संमति, एवढें लिहिलें कीं जाहिरात पुरी झाली. ह्यांतील प्रत्येक शब्दामागें कांहीं घडलेलें आहे. त्या शब्दांचा माग काढीत आपण ह्या बंगल्यापर्यंत जाऊं, आणि तो आज विक्रीस कां निघाला हें पाहूं.

आधीं ह्या बंगल्यापूर्वींचें घर पाहिलें पाहिजे. मुठा नदीच्या उजव्या तीरावर कसब्यापासून सदाशिव पेठेपर्यंत पसरलेलें जुनें पुणें हें वाड्यांचें शहर होतें. रस्त्याच्या बाजूस भक्कम भिंत, तींत दिंडीचा दरवाजा, आंत देवडी, मग चौक, चौकाभोंवतीं ओसऱ्या व सोपे, पलीकडे माजघर, देवघर आणि स्वयंपाकघर, व मागें आड किंवा हौद, अशी वाड्याची साधारण रचना असे. घराचें तोंड आंत आणि पाठ रस्त्याकडे. ऊन, वारा व पाऊस यायचा तो चौकांतूनच. ह्या रचनेचा एक गुण आजच्या विषयाच्या दृष्टीनें लक्षांत ठेवण्याजोगा आहे. वाड्याची वांटणी करतां येत असे. भाऊ वेगळे झाले म्हणजे एकास पूर्वेचा सोपा, दुसऱ्यास पश्चिमेचा, तिसऱ्यास माडी, आणि चौक, आड व येण्याजाण्याची वाट मात्र सामाईक, अशी व्यवस्था होई. चुली वेगळ्या होत, पण छप्पर एकच राही. म्हणून वाड्याचे हिस्से पुष्कळ पडत, पण वाडा सहसा कुटुंबाबाहेर जात नसे. अर्थात् ह्या सोयीची किंमतही द्यावी लागे. तीनचार पिढ्या लोटल्या म्हणजे एकेका खोलींत एकेक संसार थाटला जाई, आणि ज्या चौकांतून उजेड यावयाचा तो चौकही पडव्यांनीं बुजूं लागे.

अशा दाटीच्या वस्तींत प्लेग शिरला. सन १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईंत ह्या रोगाचे रोगी आढळले, आणि वर्ष संपतां संपतां तो पुण्यांत येऊन पोंचला. पुढील वर्षींची घरझडती, रँडचा अंमल, आणि २२ जून १८९७ रोजीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनीं त्याच्यावर केलेला हल्ला, ही हकीकत आपल्या सर्वांस ठाऊक आहे. परंतु प्लेगाचा दुसरा परिणाम मंदगतीनें झाल्यामुळें तो तितकासा बोलला जात नाहीं. रोग वर्षानुवर्षें फिरून फिरून येत राहिला, आणि दर सांथीच्या वेळीं गांवांतील कुटुंबें आपल्या वाड्यांस कुलूप लावून शहराबाहेरच्या माळांवर व शेतांत झोंपड्या घालून राहूं लागलीं. रोग उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळें पसरतो, हें सिमों नांवाच्या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं कराचीस दाखवून दिलें. पण तें सर्वमान्य व्हावयास कांहीं वर्षें जावीं लागलीं. तोंपर्यंत लोकांस एवढेंच कळत होतें कीं, गांवांतल्या माडींत माणसें दगावतात आणि माळावरच्या कुडाच्या झोंपडींत तीं जगतात. जें घर पिढ्यान् पिढ्या आसऱ्याचें ठिकाण होतें, त्याचीच भीति वाटूं लागली. मोकळी हवा, ऊन आणि दोन घरांतलें अंतर ह्यांचें मोल पुणेकरांस पुस्तकांनीं फारसें शिकविलें नाहीं. तें प्लेगानें शिकविलें. जाहिरातींतील ‘शांत वस्ती’ ह्या दोन शब्दांचें मूळ ह्या झोंपड्यांत आहे.

मुंबईंतही हेंच झालें. तेथें १८९८ सालीं सुधारणेसाठीं एक स्वतंत्र मंडळ, म्हणजे सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट, कायद्यानें स्थापन झालें, आणि पुढें त्याच्या योजनेंतून दादर-माटुंग्याच्या रुंद रस्त्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. पुण्यांत एवढें मोठें मंडळ नव्हतें. तेथें वाट दाखविली ती संस्थांनीं. मुठेच्या डाव्या तीरावर भांबुर्डें आणि एरंडवणें हीं दोन खेडीं होतीं. फर्ग्युसन कॉलेज १८८५ सालीं पेठेंतल्या जागेंत सुरू झालें, पण सुमारें दहा वर्षांनीं तें नदी ओलांडून भांबुर्ड्याच्या टेकडीच्या पायथ्याशीं गेलें. त्याच्या शेजारीं १९०५ सालीं गोखल्यांनीं भारत सेवक समाज स्थापन केला. १९०६ सालीं डेक्कन जिमखाना ही क्रीडासंस्था निघाली, आणि तिचेंच नांव पुढें साऱ्या वस्तीस मिळालें. १९१७ सालीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, १९२४ सालीं लॉ कॉलेज, आणि १९३३ सालीं कोल्हापुराहून आलेली प्रभात फिल्म कंपनी, अशी ही मालिका आहे. आज त्या भागांतील मोठ्या रस्त्यांस जीं नांवें आहेत, तीं बहुधा ह्याच संस्थांचीं व त्यांच्याशीं निगडित माणसांचीं आहेत.

ह्या रस्त्यांचें सरळपण आपोआप आलेलें नाहीं. शेतांचे तुकडे कसे असतात हें आपण जाणतां. एक लांबट, एक त्रिकोणी, एकास वाटच नाहीं, अशा तुकड्यांवर जो तो आपल्या मनानें घर बांधूं लागला, तर नवी पेठ जुन्या पेठेहूनही वांकडी व्हावयाची. मुंबई इलाख्यांत १९१५ सालीं नगररचनेचा कायदा झाला, त्यानें ह्यावर तोड काढली. एका भागांतील सर्व मालकांच्या जमिनी कागदावर एकत्र करावयाच्या, त्यांतून रस्ते व सार्वजनिक जागा आंखावयाच्या, आणि उरलेल्या जमिनीचे सुबक चौकोनी तुकडे पाडून ते त्याच मालकांस परत द्यावयाचे. जमीन थोडी कमी होई, पण तिला रस्ता मिळे व तिची किंमत वाढे. त्या वाढीचा कांहीं अंश मालकानें सुधारणेच्या खर्चासाठीं द्यावयाचा. असा जो शेवटचा तुकडा मालकाच्या हातीं पडे, तोच हा ‘फायनल प्लॉट’. जाहिरातींतील हा इंग्रजी शब्द म्हणजे त्या कायद्याची खूणगांठ आहे. इंग्लंडांत एबनेझर हॉवर्ड ह्यानें १८९८ सालीं उद्याननगराची कल्पना मांडली होती व १९०३ पासून लेचवर्थ येथें ती प्रत्यक्षांत येऊं लागली होती. नगररचनेचे दुसरे आचार्य पॅट्रिक गेडिस हे तर स्वतः हिंदुस्थानांत येऊन १९१९ पासून मुंबई विश्वविद्यालयांत अध्यापक झाले. त्या काळच्या आपल्या सुशिक्षितांच्या कानांवर हे विचार येत होतेच. पण ते त्यांच्या मनांत रुजले, ह्याचें कारण प्लेगानें जमीन आधींच नांगरून ठेविली होती.

ह्या प्लॉटांवर घरें बांधलीं कोणीं? सरदारांनीं नव्हे. अध्यापक, वकील, डॉक्टर, इंजिनियर आणि सरकारी नोकरींतून निवृत्त झालेले गृहस्थ ह्यांनीं तीं बांधलीं. बंगला ह्या शब्दांतच बंगाल आहे. बंगाली धाटणीचें बैठें घर साहेबांनीं उचललें, कँपांत व थंड हवेच्या ठिकाणीं नेलें, आणि तेथून तें आपल्या मध्यमवर्गाकडे आलें. वाड्याच्या अगदीं उलट ह्या घराचें तोंड बाहेर असे. भिंत मध्यें आणि मोकळी जागा सभोंवार. पुढें व्हरांडा, मग दिवाणखाना, दोनतीन खोल्या, मागें स्वयंपाकघर, वर गच्ची. फाटकाशीं संगमरवरी पाटी. वाडा आडनांवानें ओळखला जाई. बंगल्यास मात्र आईच्या किंवा वडिलांच्या नांवाची स्मृति, एखाद्या देवाची कृपा किंवा नुसतें एखादें सुंदर संस्कृत नांव मिळूं लागलें. हा भेद केवळ आवडीचा नव्हता. वाडा कुळाचा होता. बंगला एका मनुष्याच्या पगाराचा व पेन्शनचा होता. कायद्याच्या भाषेंत बोलावयाचें तर वाडा वडिलार्जित आणि बंगला स्वकष्टार्जित.

सभोंवारच्या मोकळ्या जागेंत झाडें लावलीं गेलीं. आंबा, नारळ, बकुळ, सोनचाफा, पारिजातक आणि कडेला कडुनिंब. रस्त्याच्या दुतर्फा गुलमोहर व वर्षावृक्ष लागले. ह्यांतील गुलमोहर मूळचा मादागास्करचा आणि वर्षावृक्ष अमेरिकेंतला. पाहुण्यांनींच ह्या वस्तीस आपलें रूप दिलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. शेतांचा उघडा माळ एका पिढींत सावलीनें भरून गेला.

परंतु ह्या सुखवस्तु घराच्या रचनेंत एक अडचण होती, ती बांधणाराच्या ध्यानांत बहुधा आली नसावी. वाड्याची वांटणी होई. बंगल्याची होत नाहीं. एक जिना, एक दिवाणखाना, एक स्वयंपाकघर आणि एक फाटक असलेल्या घराचे चार हिस्से करावयाचे कसे? आणि हिस्सेदार तर वाढतच होते. त्यांची संख्या कशी वाढली, हा आपल्या कथेचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

महाराष्ट्रांत वारशाच्या बाबतींत मुख्य प्रमाण ग्रंथ मिताक्षरा. याज्ञवल्क्यस्मृतीवरील ही टीका विज्ञानेश्वरानें कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयानें लिहिली. तिच्यावरून चालत आलेल्या परंपरेंत वडिलार्जित मिळकतींत मुलास जन्मानेंच हक्क मिळे. मुलीस तो नसे. पुत्रवती विधवेस अन्नवस्त्र आणि राहण्यापुरती जागा एवढाच आधार होता. १९३७ च्या कायद्यानें विधवेस मुलाइतका हिस्सा दिला, पण तोही तिच्या हयातीपुरता. पुढें १९५६ सालीं हिंदु वारसा कायदा झाला. बापानें मृत्युपत्र केलें नसेल, तर त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतींत मुलगे, मुली, विधवा आणि त्याची आई ह्या सर्वांस सारखा वांटा मिळूं लागला. येथें एक चमत्कारिक गोष्ट घडली. कुळाच्या जुन्या वाड्यांत मुलीचा समान हक्क यावयास पुढें अनेक वर्षें लागलीं. नदीपलीकडच्या बंगल्यांत मात्र तो आधींच आला, कारण बंगला स्वकष्टार्जित होता.

कागदावर आला, असें म्हणावयाचें. कारण त्याच कायद्याच्या तेविसाव्या कलमानें राहत्या घरापुरती एक मेख मारून ठेविली होती. ज्या घरांत कुटुंब राहत आहे, त्याची वांटणी मुलगे आपण होऊन करीपर्यंत मुलीस मागतां येत नसे. मुलगी अविवाहित असेल, विधवा असेल, नवऱ्यानें टाकलेली किंवा त्याच्यापासून वेगळी झालेली असेल, तर तिला तेथें राहण्याचा हक्क होता. तीच सुखानें नांदत असेल, तर तोही नाहीं. म्हणजे बापाच्या घरांत तिचा हिस्सा होता, पण त्या हिश्शावर पाऊल ठेवण्यास तिच्यावर कांहीं संकट कोसळलेलें असणें जरूर होतें. मेखेच्या जोडीला रूढि होतीच. भावास हक्कसोडपत्र लिहून देणें आणि माहेर राखणें, हें चांगल्या बहिणीचें लक्षण समजलें जाई. महाराष्ट्रानें १९९४ सालीं मुलीस वडिलार्जित मिळकतींतही जन्मसिद्ध हक्क दिला, परंतु त्यापूर्वीं लग्न झालेल्या मुली त्यांतून वगळल्या. अखेर ९ सप्टेंबर २००५ पासून हा हक्क साऱ्या देशांत विवाहित व अविवाहित सर्व मुलींस मिळाला, आणि तेविसावें कलमही रद्द झालें. बाप त्या दिवशीं हयात होता कीं नव्हता, ह्यावर मुलीचा हा जन्मसिद्ध हक्क अवलंबून नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें ऑगस्ट २०२० मध्यें दिला.

आतां जाहिरातींतील ‘सर्व वारसांची संमति’ हे शब्द पुन्हां वाचा. बंगल्यांत भाऊ राहत असेपर्यंत बहिणीचा हिस्सा बहुधा मौनांतच राहत असे. सण झाला, माहेरपण झालें, कीं ती परत जाई. परंतु घर विकावयाचें ठरलें, म्हणजे घेणाराचा वकील मालकीचा शोध घेतो, जाहीर नोटीस देतो, आणि प्रत्येक वारसाची सही मागतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतराच्या कायद्याप्रमाणें शंभर रुपयांवरील स्थावराची विक्री नोंदलेल्या दस्तानेंच होते, आणि त्या दस्तावर बहिणीची सही नसेल तर व्यवहार अडून बसतो. पुष्कळ घरांत मुलीच्या हिश्शाची रक्कम प्रथमच उच्चारली जाते ती ह्या वेळीं. बंगला विकला गेला ह्याचें दुःख होणें स्वाभाविक आहे. पण त्या विक्रीनें कांहीं स्त्रियांचा अर्धशतकाचा थकलेला हिशेब चुकता झाला, हेंही इतिहासानें नोंदविलें पाहिजे. जें घर अखंड राहिलें, तें पुष्कळदां कोणीतरी आपला वांटा न मागितल्यामुळें अखंड राहिलें होतें.

न भागणाऱ्या घराचा पेंच कायद्यास नवा नव्हता. १८९३ सालीं वांटणीचा जो कायदा झाला, त्यांत अशी तरतूद आहे कीं, मिळकतीचे तुकडे सोयीनें पडत नसतील आणि निम्म्या किंवा अधिक हिश्शाचे मालक मागणी करीत असतील, तर न्यायालयानें ती विकून पैसा वांटावा. मात्र दुसऱ्या हिस्सेदारास योग्य किंमत देऊन ती ठेवून घ्यावयाची असेल, तर त्यास आधीं संधि द्यावी. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घराचा हिस्सा परक्यानें विकत घेऊन वांटणीचा दावा लावला, तर कुटुंबांतील मनुष्यानें तो हिस्सा परत विकत घ्यावा, अशीही सोय त्यांत आहे. हेतु स्तुत्य होता: घर शक्य तों घरच्यांकडेच राहावें. परंतु ह्या दोन्ही सोयींस एकच अट लागते. घरांतील कोणाच्या तरी जवळ इतरांस देण्याइतका पैसा पाहिजे. पेन्शनीवर बांधलेलें घर पगारावर परत घेतां येत नाहीं, कारण मधल्या काळांत मोल घराचें उरलें नाहीं. तें जमिनीचें झालें.

तें कसें झालें, हें थोडक्यांत सांगतों. १९४७ च्या भाडेनियंत्रणाच्या कायद्यानें भाडेकरूंस संरक्षण मिळालें, भाडीं गोठलीं, आणि वरच्या मजल्यावर बिऱ्हाड ठेवून घराची डागडुजी करण्याचा जुना मार्ग बंद झाला. १९५० सालीं शहर आणि उपनगर ह्यांच्या नगरपालिका एक होऊन पुण्याची महानगरपालिका झाली. एके काळचें उपनगर शहराच्या मध्यांत आलें. १९६३ च्या कायद्यानें इमारतींतील एकेका सदनिकेच्या मालकीच्या व्यवहारास निश्चित नियम घालून दिले. आतां एकाच प्लॉटावर एकाऐवजीं दहा कुटुंबें मालक म्हणून राहूं शकतात, म्हटल्यावर त्या प्लॉटाची किंमत दहांच्या ऐपतीनें ठरूं लागली. ज्यास भावंडांचे हिस्से देतां येत नाहींत, त्याच्यापुढें इमारत बांधणारा व्यापारी प्रत्येक वारसास एकेक सदनिका देऊं करतो. गंमत पाहा: जी वांटणी वाड्यांत सोप्यांची होई, तीच आतां मजल्यांची होते. बंगला पाडल्यावरच ती होते, एवढाच फरक.

आतां झाडांविषयीं. आपल्याकडील जुन्या सनदांत जमीन देतांना जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि व निक्षेप ह्यांसह ती दिल्याचा उल्लेख असे, आणि ही शब्दावलि मराठी खरेदीखतांत अद्याप टिकून आहे. बंगल्याबरोबर आंबा आणि बकुळही विकली जाते, ह्यांत कायद्याच्या दृष्टीनें वावगें कांहीं नाहीं. परंतु खरेदीखतांत लिहिलेल्या चतुःसीमा झाडाची सावली पाळीत नाहीं. ती शेजाऱ्याच्या अंगणांत जाते, रस्त्यावर पडते, ज्याचें त्या गल्लींत कांहींच नाहीं अशा वाटसरूस मिळते. महाराष्ट्रांत १९७५ सालीं शहरी भागांतील वृक्षांच्या जतनाचा कायदा झाला, व परवानगीवांचून झाड तोडण्यास बंदी आली. २०२१ सालच्या दुरुस्तीनें पन्नास वर्षांहून जुन्या झाडांस वारसावृक्षाचा दर्जा मिळाला. वारसांच्या यादींत शेवटीं कां होईना झाडांचें नांव लागलें. मात्र वारसाच्या हक्कास जसा कोणीतरी उच्चार करणारा लागतो, तसा झाडाच्या हक्कासही लागतो, आणि तें काम शेजाऱ्यांचें आहे.

राहतां राहिली एक गोष्ट, ती अभ्यासकाच्या स्वार्थाची आहे. वाडे होते तेव्हां राजवाडे होते. इतिहासाचार्य राजवाड्यांनीं घरोघर हिंडून जुनीं दफ्तरें मिळविलीं, १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड प्रसिद्ध केले, आणि १९१० सालीं भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. बंगल्यांच्या कागदांसाठीं असा कोणी हिंडत नाहीं. प्लॉटाचें पहिलें खरेदीखत, बांधकामाचा नकाशा, सिमेंट-लांकडाच्या हिशेबाची वही, बागेंत काय लावलें ह्याची टिपणें, सांथीच्या दिवसांतलीं पत्रें, हें सर्व घर रिकामें होतांना बहुधा चार दिवसांत रद्दींत जातें. वकिलास त्यांतला शेवटचा दस्त तेवढा हवा असतो. मध्यमवर्गानें आपलें पहिलें शहर कसें वसविलें, त्याचा खर्च किती आला, तें कोणाच्या नांवें झालें आणि कोणाचें नांव त्यांतून गळलें, ह्याचा पुरावा मात्र त्या उरलेल्या कागदांत असतो.

म्हणून ज्यांच्या घरीं अशी विक्री चालू असेल, त्यांस एक विनंति करतों. भावंडें एकत्र बसून रकमेचे हिस्से ठरवितील, तेव्हां कपाटांतले कागदही त्यांनीं एकदां बाहेर काढून पाहावे. ज्याचें काम घरांत कोणास नाहीं, तें एखाद्या संशोधन-संस्थेकडे किंवा ग्रंथालयाकडे सोंपवावें. तसेंच फाटकावरची पाटी काढण्यापूर्वीं त्या घराचें एक छायाचित्र घ्यावें, आणि त्याच्या मागें घर बांधल्याचें साल, बांधणाराचें नांव, व त्याच्या सर्व मुलांचीं आणि मुलींचीं नांवें शाईनें लिहून ठेवावीं.